सरकणाऱ्या पट्ट्या

पुलाच्या कामाचं वेळापत्रक मी कॉम्प्युटरवर मांडते. प्रत्येक कामाची एक निळी पट्टी. खांबाची पट्टी जरा उजवीकडे ओढली, की पंगतीत माणसं सरकतात तशी पुढची सगळी कामं आपोआप सरकतात. पाऊस लांबला तर काय, सिमेंट उशिरा आलं तर काय, सगळं खेळून बघता येतं. नाही पटलं तर पुन्हा पहिल्यासारखं करायचं. लोक माझ्याकडे तारखा मागतात आणि मी त्या ठणकावून देते.

परवा हेच काम घरी बाबांच्या पलंगाशेजारी बसून करत होते. अर्धांगवायूनं त्यांचा उजवा हात गेलाय. बराच वेळ स्क्रीनकडे बघून ते म्हणाले, "यात माझं पण टाक की गं. हात कधी उठेल ते तरी कळेल."

मी हसले, पण टाकलं. आधी व्यायाम, मग बोटं हलणं, मग आपल्या हातानं घास. प्रत्येकापुढे दिवस भरायचे असतात. मी काय भरणार? डॉक्टरसुद्धा 'बघू' म्हणतात. शेवटी शून्य लिहिलं. शून्य दिवसांच्या कामाची पट्टी उमटत नाही, शंकरपाळ्यासारखी एक खूण उमटते. तिन्ही खुणा आजच्याच तारखेवर, एकाखाली एक.

"म्हणजे आज?" बाबांनी विचारलं.

त्यांनी डाव्या हातानं उजवा हात उचलला, क्षणभर वर धरला आणि सोडून बघितला.