खाणीच्या बसची पटसंख्या

चहा आधी संपवा, मग ऐका. कारण हे ऐकल्यावर तुम्ही मला पुन्हा गुरुजी म्हणाल की नाही, याची मलाच खात्री नाही. माझी बायको याला गाढवपणा म्हणते. मी चूक म्हणतो. आता इतकी मोठी चूक करायलाही थोडं डोकं लागतं, पण हे तिला कोण समजावणार?

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. माजरीकडे नवी खाण निघाली आणि तिच्या कॉलनीत आमची जिल्हा परिषदेची शाळा. खोली एक, वर्ग चार, मास्तर एक. तो मास्तर मी. राहायचो वरोऱ्याला, पॅसेंजरने अप-डाउन करायचो. नियमाने शाळेच्या गावीच राहायला हवं, पण तेव्हा कोण राहत होतं? तुम्ही राहत होतात का?

कॉलनी तर पाहता पाहता वाढत होती. आज ओळ आखली की पुढच्या महिन्यात तिथे क्वार्टर आणि क्वार्टरपुढे वाळत घातलेली लंगोटी. मागच्या जूनमध्ये जागा नाही म्हणून मला कितीतरी पोरं परत पाठवावी लागली होती. एक संगी नावाची मुलगी तर आठवडाभर खिडकीशी उभी राहून पाढे म्हणत होती. तिच्या आईला, सुजाताबाईला, मी सांगितलं, "पुढल्या वर्षी नक्की घेतो." ती म्हणाली, "पुढल्या वर्षी नाई घेतलं गुरुजी, तं थे लहान्याले सांभाळतच राह्यते. मंग थे काई शाळेत येत नाई." हे वाक्य मला वर्षभर टोचत राहिलं.

मार्चमध्ये विस्तार अधिकारी आले. कडक माणूस. म्हणाले, "जूनमध्ये नवीन किती पोरं येणार, नावानिशी यादी द्या. पटली तर दुसरी खोली आणि दुसरा मास्तर. मोघम आकडा नको. घरोघरी फिरा."

घरोघरी! चंद्रपूरकडचं ऊन तुम्हाला ठाऊक आहे ना? एप्रिलमध्ये दुपारी बारानंतर तिथे कुत्रंसुद्धा रस्ता ओलांडायचं असेल तर दोनदा विचार करतं. शाळा सकाळची, अकराला सुटायची. माझी पॅसेंजर साडेतीनची. मधल्या वेळात मी कॉलनीच्या ओळी तुडवायच्या?

मी डोकं चालवलं. खाणीच्या मोठ्या गेटसमोर चहाची टपरी होती, वर कडुलिंबाची गार सावली. दोन वाजता पाळी बदलायची. एक बस माणसं आणायची, तीच बस सुटलेली माणसं घेऊन जायची. सगळी खाण माझ्यासमोरून जाणार. मी बाकावर बसायचं, कागद पुढे ठेवायचा आणि विचारायचं. चाळीस घरं पालथी घालण्यापेक्षा चाळीस बाप एका जागी भेटतील. आहे की नाही हुशारी?

पहिल्या दिवशी बसमधून उतरला नानाजी. उंच, किडकिडीत, लांबच्या कुरखेड्याकडचा माणूस. मी म्हटलं, "भाऊ, पोरं किती? शाळेच्या यादीत नावं घालून राह्यलो."

"यादी कायची हाये, गुरुजी?"

"पोरांना इथे जागा मिळावी म्हणून. ज्यांची नावं जातील त्यांच्यासाठी खोली मंजूर होणार."

नानाजीचे डोळे एकदम चमकले. "खोली? मंग लिवा. तीन हायेत. नाई, चार लिवा. चवथं दिवाळीपावतर होईन."

मी हसून तीन लिहिली. यादीच्या फॉर्मात शेवटचा रकाना होता, "राहणार". प्रत्येकाला काय विचारत बसायचं? घरीच मी सगळ्या कागदांवर वरपासून खालपर्यंत "खाण कॉलनी" लिहून आणलं होतं. वेळ वाचतो.

दुसऱ्या दिवशी टपरीसमोर रांग. खरंच सांगतो, रांग! कुणी रेशनकार्ड आणलेलं, कुणी पोरांचा फोटो. माझा ऊर भरून आला. म्हटलं, कोण म्हणतं या भागात शिक्षणाची आवड नाही? मी बाकावर उभा राहून छोटंसं भाषणही ठोकलं. शिक्षणाने माणूस कसा उभा राहतो वगैरे. सगळे मान डोलवत होते. मागून एकाने विचारलं, "गुरुजी, दोन खोल्याचं भेटन का एकाच खोलीचं?" मला वाटलं, किती बारकाईने विचार करतात ही माणसं शाळेचा! म्हटलं, "आधी एक होईल, मग पुढे वाढवता येईल." लोक खूश. तिसऱ्या दिवशी नानाजीने हातसडीच्या तांदळाची पिशवी आणून ठेवली. मी नको नको म्हणत घेतली.

आठवड्यात यादी झाली. शंभरावर नावं. पंचायत समितीत ती टेबलावर ठेवताना मी अशी मान वर करून उभा होतो की शिपायानेसुद्धा मला बसायला खुर्ची दिली.

विस्तार अधिकारी साहेब मात्र खुर्चीवरून उठले. "उद्या स्वतः येतो. पाहू."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर साहेब यादी घेऊन निघाले. पहिली ओळ झाली, दुसरी झाली. यादीतला एकही बाप सापडेना. प्रत्येक दारात तेच उत्तर, "थे इथी नाई राह्यत, साहेब." शेवटी मीच म्हणालो, "साहेब, दोन वाजता गेटवर सगळे भेटतात."

भेटले. बस आली आणि अख्खी यादी खाली उतरली.

साहेबांनी नानाजीला विचारलं, "तुमची मुलं कुठे आहेत?"

"कुरखेड्याले, साहेब. मी वरोऱ्यात खोली करून हावो, तिथून बसनं येतो. क्वार्टर भेटलं का आनतो पोट्टे."

"कुठलं क्वार्टर?"

"गुरुजी वाटून राह्यले ना! नाव बी लिवलं त्यायनं. कॉलनीच्या साहेबाले आमी सारे सांगून आलो, का गुरुजीनं खोली मंजूर केली."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी टपरीकडे पाहिलं. टपरीवाला तरी काही बोलेल म्हणून. तो कपबशा धुवायला लागला.

"मास्तर," साहेब अगदी हळू म्हणाले, "कॉलनीत जी माणसं राहतात, ती कामाला कशाने येतात?"

"पायी, साहेब. मागच्या गेटने."

"आणि बसने कोण येतं?"

तुम्ही म्हणाल, एवढं कळायला काय लागतं? पण तोंडातून उत्तर निघेपर्यंत मला कळलं नव्हतं. जी अप-डाउन करतात, म्हणजे जी इथे राहतच नाहीत, तेवढीच माणसं मी वेचून वेचून मोजली होती. स्वतः अप-डाउन करणारा मी!

"प्रस्ताव उद्या सकाळी जिल्ह्याला जातो," साहेब म्हणाले. "संध्याकाळपर्यंत खरी यादी द्या. नाहीतर यंदा खोली विसरा."

खोली गेली म्हणजे संगी गेली, एवढंच डोक्यात होतं. तसाच सुजाताबाईच्या दारात गेलो आणि सगळं सांगितलं. ती हसली नाही, याचीच मला जास्त लाज वाटली.

"गुरुजी, आमाले काऊन नाई पुसलं?" ती म्हणाली. "जयंतीच्या मिरवणुकीत पोट्टे रांगेनं मीच उभे करतो ना. कोनाच्या घरी किती, मले बंदं पाठ हाये. बसा. लिवा."

मी तिच्या ओट्यावर बसलो. ती घर क्रमांकाने बोलत गेली, मी लिहीत गेलो, आणि संगी प्रत्येक घरी पळत जाऊन वय विचारून येत होती. साडेतीनची पॅसेंजर शिटी देऊन निघून गेली. सहाच्या आत खरी नावं शंभराच्या वर गेली. बसच्या यादीपेक्षा जास्त! म्हणजे मी नुसता ओळींतून फिरलो असतो तरी खोली मिळत होती.

शाळेत थांबलेल्या साहेबांनी यादी तपासली. दहा दारांत स्वतः जाऊन पाहिलं. म्हणाले, "पटली." खोली मंजूर झाली, दुसरा मास्तर आला, जूनमध्ये संगी पहिल्या रांगेत बसली.

पण साहेबांनी मला सोडलं नाही. "मास्तर या कॉलनीत राहत असता तर हा घोळ झाला नसता," असं त्यांनी खाणीला पत्र लिहिलं. लोकांच्या क्वार्टरच्या तगाद्याने आधीच वैतागलेल्या कॉलनीच्या साहेबाने ताबडतोब एक क्वार्टर रिकामं करून दिलं. मला!

सामान उतरवत होतो तेव्हा दोनची बस समोरून जाताना थांबली. खिडक्या उघडल्या. सगळी यादी माझ्या पलंगाकडे, माठाकडे, बायकोकडे पाहत होती. नानाजी खाली उतरला.

"गुरुजी, नावं आमची लिवली अन् क्वार्टर तुमाले?"

बायकोच पुढे झाली. "यायनं मांगतलं नोतं, भाऊ. यायले सजा म्हणून भेटलं हाये."

नानाजीने क्वार्टर वरपासून खालपर्यंत पाहिलं. दोन खोल्या, मागे नळ. मग गंभीरपणे म्हणाला, "मंग बाई, आमाले बी सांगा ना. असी सजा भेटाले कोनता गुन्हा करा लागते?"

बायकोने माझ्याकडे एकदा पाहिलं.

"काई नाई, भाऊ," ती म्हणाली. "फक्त मास्तर व्हा लागते."