सुधाकरचं सरकलेलं नाणं

समस्त बोरीकरांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते, की गावातील नाकारलेल्या नाण्यांचा एकमेव आश्रयदाता, आमचा मित्र सुधाकर किराणावाला, आता नाही. यापुढं कुणाचं वाकडंतिकडं नाणं चालेनासं झालं तर ते ज्याचं त्यानं आपल्या खिशात ठेवावं. हे मी रागानं लिहितोय. महिना उलटला तरी राग उतरत नाही.

टांकसाळीत चुकून बिघडलेली नाणी जमवायचा त्याला नाद होता. कुठं अक्षरं दुहेरी उमटलेली, कुठं एक बाजू कोरीच. सगळ्यांत लाडकं दोन रुपयांचं, ठसा सरकून पडल्यामुळं कडेला कोरी चंद्रकोर राहिलेलं. गिऱ्हाईक ताटकळायचं अन् हा भिंगातून ती कोर बघत बसायचा. त्याच्या बायकोचा भाऊ बाळू चारचौघांत म्हणायचा, "दाजी, घरी हातोड्यानं ठोकलंय हे. खोटं नाणं हाय."

"खोटं न्हाई बाळू, चुकलेलं हाय. लय फरक असतो."

बाळू हसायचा, मग सगळं दुकान हसायचं... शेवटी सुधाकरनं ते नाणी पारखणाऱ्या कंपनीकडं पाठवलं. परत आलं ते पारदर्शक, कडक डबीत कायमचं बंद होऊन. आत चिठ्ठी: अस्सल, टांकसाळीतली चूक, दर्जा उत्तम. डबी फुटली की ही हमी संपली. बाळू तेव्हा बाहेरगावी होता. "येऊ दे त्याला," म्हणत सुधाकरनं डबी गल्ल्यावर उभी करून ठेवली. अन् बाळू यायच्या आदल्या सकाळी, दुकान उघडता उघडता, हा गेला. मेलेल्या माणसावर चिडू नये म्हणतात, मी चिडलो. एक दिवस दम धरवला नाही?

दहाव्याला गंगाखेडच्या घाटावर पिंड ठेवला. कावळे झाडावर बसून, एकही शिवेना. बाळूनं हात जोडून सांगितलं, ताईला अंतर देणार न्हाई, दुकान चालू ठेवीन. कावळे ढिम्म. मग या शहाण्यानं खिशातून ती डबी काढली. "दाजींचा जीव ह्यातच हाय. संगं जाऊ द्या." नदीत प्लास्टिक टाकू नये एवढी अक्कल मात्र त्याला होती. मी ओरडेपर्यंत त्यानं दगडानं डबी फोडली अन् नाणं गोदावरीत भिरकावलं.

माझ्या तोंडून जे निघालं ते वर्तमानपत्राच्या या पुरवणीत छापता येणार नाही. छापण्याजोगं एवढंच, "गावभर त्याला खोटं पाडलंस, अन् त्याच्या खरेपणाचा एकुलता पुरावा दगडानं फोडलास. ती चिठ्ठी तरी वाचलीस का रे?"

वाचली नव्हती. बाळूनं खाली वाकून, फुटक्या तुकड्यांतून चिठ्ठी उचलून तिथंच वाचली. दोनदा वाचली. मग झाडाकडं तोंड करून, घाटावरच्या परक्या लोकांसमोर, रडवेल्या आवाजात ओरडला, "दाजी, नाणं खरं होतं, खोटं मीच बोलत होतो... आता तरी जेवा की ओ."