माईंच्या वाटेवरच्या रेघा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलींना नाही, देवालासुद्धा नाही – त्याच्यापुढे उभी राहिले की काहीतरी दुसरंच मागून परत येते. आज तुम्हाला सांगते आहे. आजच का? मला तरी कुठे ठाऊक आहे!

आमच्या आळीत माझं नाव फार चांगलं आहे. ‘सून असावी तर अशी’ – हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की ते सुरू झालं की मी उठते आणि चहाचं आधण ठेवते. बायकांना वाटतं, विनय. विनय कसला? समोर बसवत नाही, एवढंच.

माई म्हणजे माझ्या सासूबाई. मी लग्न होऊन नाशकात आले, पंचवटीतल्या आमच्या भाड्याच्या घरात, तेव्हा एकोणीसशे तीस साल नुकतंच मागे पडलं होतं. माझी आई मी लहान असतानाच गेलेली. माईंनी मला पहिल्या वर्षीच विचारलं – शिकायचंय का? आणि मी मान हलवायच्या आत मराठी सातवीच्या, फायनलच्या परीक्षेला बसवलंसुद्धा. शेजारणी हसल्या. म्हणाल्या, “आता सून पुस्तकं वाचणार आणि सासू पोळ्या लाटणार!” माई म्हणाल्या, “लाटीन की. मला येतात.” परीक्षेला निघाले त्या सकाळी दारात थांबवून त्यांनी माझ्या तळहातावर दही घातलं. तोवर माझ्या हातावर कुणी दही घातलं नव्हतं. पुढे मी मुलींच्या शाळेत मास्तरीण झाले, चार पैसे मिळवले, मान मिळवला. ते सगळं त्या दह्यापासूनचं. हे आधी सांगते आहे, कारण पुढचं ऐकताना तुम्ही ते विसरू नये.

मग माईंना दुखणं लागलं. आधी उजव्या हाताचा अंगठा हलायला लागला, मग हात, मग मान. वैद्यबुवा म्हणाले, कंपवात. पण कंप परवडला, अहो – हाल केले ते पायांनी. चालता चालता पाय जमिनीला चिकटायचे. विशेषतः दाराशी. उंबरठा समोर, माई उभ्या, आणि पाऊल काही उचलत नाही. त्यात कुणी मधेच काही विचारलं तर संपलंच. एक तर बोलणं, नाही तर चालणं, दोन्ही मिळून जमेना. उत्तरंही उशिरा यायची. सकाळी विचारावं, “माई, भाजी काय करू?” आणि सगळे जेवून उठल्यावर त्यांनी शांतपणे म्हणावं, “पडवळ.” लोकांना वाटायचं, म्हातारीला भ्रम झाला. पण उत्तर कधी चुकायचं नाही. नुसतं मागून यायचं. माई स्वतःच हसायच्या – “डोकं सांगतं, पाय ऐकत नाहीत. नवी सून परवडली!”

उपाय सापडला तो चातुर्मासात. मी माजघरात गोपद्मं काढली होती, गाईच्या पावलांची रांगोळी. माई माजघराच्या दारात अडकून उभ्या होत्या. त्यांनी खाली पाहिलं. रांगोळीवर पाय कसा द्यायचा? आणि पाऊल उचललं! एक ओळ ओलांडली, दुसरी ओलांडली, आणि थेट ओसरीवर. आम्ही बघतच राहिलो. त्या दिवसापासून मी रोज त्यांच्या खोलीपासून पुढच्या उंबरठ्यापर्यंत रांगोळीच्या आडव्या रेघा ओढायला लागले. त्या रेघांवरून माई पोरीसारख्या चालायच्या. आळीतल्या बायका बघायला यायच्या, आणि माझं नाव झालं ते तिथूनच.

आता ते सांगायला हवं. किती फिरवणार?

कमळ माझी धाकटी नणंद. तिचं लग्न झालं, आणि जावयांची नोकरी निघाली कराचीला. बिऱ्हाड थाटेपर्यंत ती आमच्याकडेच राहिली. मग तिला बोटीवर पोचवायला तिच्या सासूबाई आणि थोरली जाऊ पुण्याहून आल्या. बायका मोठ्या घरच्या, जपून बोलणाऱ्या. आल्या त्या संध्याकाळी माईंनी हौसेनं त्यांना चहा दिला आणि कप हिंदकळला. जाऊबाईंच्या पातळावर डाग पडला. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं, इतकंच. ते पाहणं मला झोंबलं. माईंसाठी नव्हे – माझ्यासाठी. मी शिकलेली, मास्तरीण, आणि माझ्या घरात हे! लाज वाटली मला. माईंची.

त्याच संध्याकाळी माईंनी स्वतः विरजण लावलं. निम्मं दूध चुलीपाशी सांडलं, पण मला हात लावू दिला नाही. “कमळच्या हातावर मीच घालणार,” म्हणाल्या. लेक समुद्रापलीकडे निघाली होती. पुन्हा केव्हा येईल, कोण सांगणार?

सकाळी मी लवकर उठले आणि घर सारवायला घेतलं. माजघर, मधली वाट, ओसरी, सगळं. कुणाला काय वाटणार? पाहुणे घरात, सून सारवते आहे – कौतुकच झालं. सारवून झाल्यावर अंगणात मोठी ठिपक्यांची रांगोळी घातली. आत मात्र एक रेघ ओढली नाही. विसरले नव्हते. रांगोळीचा डबा माझ्या हातात होता. ओल्या जमिनीकडे मी पाहिलं आणि डबा कोनाड्यात ठेवून दिला.

कमळनं आत जाऊन माईंना नमस्कार केला. माई म्हणाल्या, “तू हो पुढे. दही घेऊन मी येते.” कमळ अंगणात गेली. टांगा आला, सामान चढलं. ती दाराकडे बघत राहिली. मी आत गेले. माई माजघराच्या दारात, हातात वाटी, नजर खाली त्या कोऱ्या जमिनीवर. कपाळावर घाम. मी वाटी काढून घेतली. त्यांनी मोठ्या कष्टानं एकच शब्द काढला – “रेघा...” मी म्हटलं, “गाडी चुकेल, माई.” आणि बाहेर आले.

कमळला सांगितलं, “त्यांना येववत नाही. त्यांनीच मला घालायला सांगितलंय.” ती आत धावायला निघाली. मी म्हटलं, “अगं, निघालेल्या पावली मागे फिरू नये.” आणि तिच्या हातावर दही घातलं. माझा हात अगदी स्थिर होता.

संध्याकाळी यांनी माईंना विचारलं, “आई, तू बाहेर का नाही आलीस? कमळ टांग्यात रडत होती.” माझी तव्यावरची भाकरी उलटायची राहिली. माई काही बोलल्या नाहीत. उत्तर उशिराच यायचं, ते यांना ठाऊक होतं, पण वाट कोण बघणार? ते पान आटपून ओट्यावर जाऊन बसले. मी उष्टी काढत होते. तेव्हा माईंचं उत्तर आलं. माझ्याकडे बघत त्या म्हणाल्या, “त्याला सांग, पाय अडले.”

मी सांगितलं. तेवढंच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मी रेघा ओढल्या, आणि माई त्यांवरून चालल्या. माझ्या शाळेची वेळ होईस्तोवर माझी वेणी नीट आहे का ते बघत बसल्या, नेहमीसारख्याच. कमळ परत आली तेव्हा माईंना जाऊन वर्ष होत आलं होतं. माझ्या गळ्यात पडून म्हणाली, “वहिनी, तू होतीस म्हणून आईचे दिवस सुखात गेले.” मी उठून आधण ठेवलं.

मला या जगात जे मिळालं ते त्या बाईनं दिलं. शिक्षण दिलं, नोकरी दिली, आणि शेवटी माझं चांगलं नावही त्यांनीच दिलं – मी त्यांची वाट पुसली त्याच दिवशी, संध्याकाळी.