हरवळेची लेणी आणि सर्वणचा नारळ

सहल लेण्यांना न्यायला मुख्याध्यापिकांनी होकार दिला तेव्हा मी स्टाफरूममध्ये चक्क टाळी वाजवली. पेडण्यातल्या आमच्या शाळेत मी इतिहास शिकवते आणि आमची सहल दरवर्षी वॉटरपार्कला जाते. घसरगुंडीवरून पाण्यात पडायला इतिहासाच्या टीचरची काय गरज? यंदा मी हटूनच बसले. डिचोली तालुक्यातली लामगावची लेणी, मग हरवळेची लेणी आणि धबधबा, शेवटी नार्व्याचं सप्तकोटेश्वराचं देऊळ, असा बेत मीच आखला. आठवडाभर घरात दुसरा विषय नव्हता. नवरा म्हणाला, "तुझंच लग्न ठरल्यासारखी वागतेस."

अडचण एकच होती, नववीतली सानिका. माझ्या तासाला जांभई न देणारी ही मुलगी, आणि नेमकी तिचीच आई पाठवायला तयार नाही. आई म्हणजे शुभांगी. ती पेडण्याच्या बाजारात शिवणकाम करते, माझे ब्लाऊज तीच शिवते. मी हक्काने तिच्या दुकानात जाऊन बसले, तेव्हा खरं कारण कळलं. तिचं माहेर सर्वण, डिचोलीहून हरवळेला जाताना वाटेवरच. तिने आपल्या मनाने लग्न केलं म्हणून भावाने दार बंद केलं. हिनेही 'मी काय, माझी पोरंबाळंसुद्धा तुझा उंबरा चढणार नाहीत' असं सुनावून पाठ फिरवली. सानिकाच्या जन्माआधीपासून दोन्हीकडे हाच हट्ट चालू होता.

"तुमच्या भरवशार पाठयतंय, टीचर," ती शेवटी म्हणाली. "पण गाडी सर्वणात थांबवची नाय. माझा चेडू त्या घरात जावचा नाय."

"माझा शब्द," मी म्हटलं. त्या उत्साहात मी काहीही कबूल केलं असतं.

डिसेंबरातली सकाळ, धुकं, मुलांचा कालवा. पेडण्याहून म्हापसा, तिथून अस्नोड्यावरून डिचोली असा आमचा रस्ता. जाणार असाल तर अस्नोड्याला थांबून पातळभाजी आणि गरम उंडे पाव खाऊन घ्या, पुढे पोटभर मिळेलच याची खात्री नाही. पीटीच्या सरांनी मुलांच्या जोड्या लावल्या होत्या. प्रत्येकाने आपल्या जोडीदारावर लक्ष ठेवायचं. शाळेतली जुनी पद्धत आहे ही, आणि माझा तिच्यावर पूर्ण विश्वास होता.

लामगावची लेणी गावाच्या कडेला, झाडीत, जांभ्या दगडात कोरलेली आहेत. प्रवेशाला पैसे लागत नाहीत, पाटीही धड नाही, विचारत विचारतच जावं लागतं. आत गारवा. मी छिन्नीच्या खुणा दाखवत बोलत सुटले. मुलं थोडं ऐकत होती, जास्त सेल्फी काढत होती. सानिका मात्र भिंतीवर हात फिरवत उभी होती. तेवढ्यात देवाला फुलं घेऊन आलेल्या एका बाईने तिला न्याहाळलं.

"कोणाची गो तू, बाये?"

आमच्याकडे अनोळखी मुलाला नाव कोणी विचारत नाही, कोणाची ते विचारतात. आणि मुलंही सरळ सांगून मोकळी होतात.

"पेडण्याची. माजी आवय सर्वणची," सानिका म्हणाली.

"तरीच. तोंड सारकें आवयचें." बाई माझ्याकडे वळल्या. "आतां खंय वतात तुमी?"

आणि मी, शहाणीने, अभिमानाने अख्खा बेत सांगितला. आता हरवळे, तिथे लेणी, मग धबधबा, तिथेच जेवण. त्यांनी मान डोलावली आणि पदरातून मोबाईल काढला. ते मी पाहिलं, पण मनावर घेतलं नाही.

सर्वणचा फाटा आला तेव्हा ड्रायव्हरला मी मुद्दाम म्हटलं, "थांबू नका हं." सानिका खिडकीला नाक लावून बसली होती.

हरवळेची लेणी पाहाच. खोल्यांची रांग, आत शिवलिंगं, आणि पांडव इथे राहिले होते असं सांगणारे लोक. अभ्यासक मात्र अजून भांडतायत, मुळात ही बौद्धांची की शैवांची. हा वाद मुलांसमोर मांडायची मी वर्षभर स्वप्नं पाहिली होती, आणि त्या दिवशी तो रंगलाही. दोन मुलांनी चक्क हात वर करून प्रश्न विचारले. मी हवेत होते. मग आम्ही धबधब्याकडे उतरलो, डबे उघडले, आणि सानिकाची जोडीदारीण रडवेली होऊन आली.

"टीचर, सानिका हात धुवूक जाते म्हणली. अजून येवक ना."

हरवळेच्या पायऱ्या ओल्या असतात आणि खालच्या पाण्याचा तळ दिसत नाही. माझ्या हातातला डबा तसाच खाली पडला. सर कठड्याशी धावले, हाका मारायला लागले. पाण्याच्या आवाजात त्या हाका कुठच्या कुठे विरत होत्या. मी लेण्यांत जाऊन आले, रुद्रेश्वराच्या देवळात जाऊन आले, पुन्हा पाण्याकडे. त्यातच फोन वाजला. शुभांगी.

मी तो उचलला नाही. काय सांगणार होते मी तिला?

देवळाबाहेर नारळ विकणाऱ्या बाईने मला अडवलं. "निळ्या युनिफॉर्मातलें चेडूं सोदतात? एक बापयो स्कूटराचेर घेवन गेलो तिका. भाची म्हणटालो."

कोणीतरी पुरुष माझ्या मुलीला स्कूटरवर बसवून घेऊन गेला होता. भाची म्हणाला म्हणजे मामाच कशावरून? सर म्हणाले, "टीचर, साखळी पोलीस स्टेशन." मी म्हटलं, "तुम्ही मुलांजवळ थांबा. मी आधी सर्वणला जाते. तिथे नसली तर लगेच फोन करते, तुम्ही पोलिसांना कळवा." रिकामी बस घेऊन निघालो. जिथे थांबणार नाही असा शब्द दिला होता, तिथेच चालले होते, आणि ती तिथे असू दे म्हणून देवाला विनवत होते. ड्रायव्हरने गाडी दामटली.

सर्वणात पहिल्याच घरी शुभांगीचं माहेर विचारलं. त्यांनी बोट दाखवलं. अंगणात स्कूटर, पायरीवर शाळेचे काळे बूट. आत सानिका पाटावर बसून जेवत होती. मी दाराला धरून उभी राहिले. सरांना फोन करून पोर सापडल्याचं सांगितलं.

मग तिला वाढत असलेल्या मामावर आवाज चढवला. "विचारायची काही रीत आहे की नाही? तिकडे आम्ही पाण्यात पोर शोधतोय."

मामा माझ्याहून वयाने मोठा, अंगाने धिप्पाड. खाणीवर ट्रक चालवलेला माणूस. खाली मान घालून म्हणाला, "चुकलें, टीचर. लामगावसून फोन आयलो, तुजी भाची आयल्या म्हूण. भाची दारावयल्यान उपाशी गेली जाल्यार म्हाका कोण मनीस म्हणटलो? शाळेक विचारपाक जाय, हें सुचूंकच ना."

"आणि तू गं?" मी सानिकाकडे वळले. तिने घास खाली ठेवला. "टीचर, माका घर बघूचा होता."

मला तिला एक ठेवून द्यावीशी वाटत होती आणि कवटाळावंसंही वाटत होतं. मी नुसतीच पाटाशेजारी बसले.

निघताना मामीने एक पिशवी दिली. नारळ, खण, मूठभर तांदूळ. शुभांगीच्या ओटीसाठी. "नाका म्हणली जाल्यार नारळ परत धाडपाक सांगात," ती हळूच म्हणाली. बसमध्ये बसल्यावर मी शुभांगीला फोन केला, पोर सुखरूप आहे, बाकी घरी येऊन सांगते. सानिका कुजबुजली, "आईक सांगू नका." मी म्हटलं, "सगळं सांगणार."

नार्वे राहिलंच. तुम्ही सकाळी लवकर निघालात तर तुमचं होईल.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापिकांनाही सगळं सांगितलं. पुढची सहल पुन्हा वॉटरपार्कला, आणि मी तोंड उघडणार नाही. ते दोन हात वर झाले होते, तेवढं माझं मला पुरे आहे. पण त्या सहलीतलं माझ्याजवळ खरं राहिलं ते शुभांगीच्या घरातलं.

सहलीहून परतल्या संध्याकाळीच सानिकाला घेऊन गेले, तेव्हा ती मॅक्सीवर, घरच्या मशीनजवळ बसली होती. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, शब्द मोडला तोही. पिशवी कटिंगच्या टेबलावर ठेवली. तिने खण बोटांत धरून कापड चाचपलं, उठली, आत गेली आणि दार लावून घेतलं. सानिका माझा हात दाबून उभी होती. नारळ उद्या मलाच सर्वणला परत न्यावा लागणार, हे मी धरूनच चालले होते.

दार उघडलं तेव्हा ती साडी नेसून आली होती. कपाळाला कुंकू. पाट मांडून बसली, पदर पुढे पसरला.

"घाला, टीचर."

मी ओटी भरली. ती पदर पोटाशी धरून रडली, मीही रडले. मग डोळे पुसून तिने गिऱ्हाइकांचे कपडे मशीनवरून बाजूला सारले, त्यात माझाही ब्लाऊज होता, आणि तो खण टेबलावर पसरला.

"तुमचो उशिरान मेळतलो," ती कात्री उचलत म्हणाली. "सर्वणाक जाताना माका ह्योच घालूचो आसा."