मुलगा मेला असं तिनं लिहिलेलं नाही

स्पॅनिशमधल्या एका शब्दासाठी मी भांडले, आणि त्याचा मला आजही पस्तावा नाही.

बडोद्यातल्या समा भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये बसून मी स्पॅनिश पुस्तकांचं इंग्रजीत भाषांतर करते. तेव्हा हातात दक्षिण अमेरिकेतल्या एका आईच्या आठवणी होत्या. तिच्या कॉलेजात शिकणाऱ्या मुलाला गणवेशातली माणसं घरातून घेऊन गेली, तो परत आलाच नाही. घरात त्याचं जे काही उरलं ते ती जपत राहिली. फणीत अडकलेले केस. फरशीवर उमटलेला सायकलच्या चाकाचा काळा पट्टा. तेवढा सोडून ती फरशी पुसायची. या सगळ्याला तिचा एकच शब्द होता, 'रास्त्रोस', म्हणजे मागे राहिलेल्या खुणा, माग. मी इंग्रजीत 'ट्रेसेस' लिहिलं.

छपाईआधी शेवटची प्रत तपासायला आली, तर जिथे तिथे 'रिमेन्स'. मी संपादकांना फोन केला. त्यांचं म्हणणं, ट्रेसेस फार हलका शब्द आहे, रिमेन्सला वजन आहे. मी म्हटलं, रिमेन्स म्हटलं की इंग्रजी वाचकाला मृतदेह दिसतो, आणि मुलगा मेल्याचं तिनं पुस्तकभर कुठंही मान्य केलेलं नाही.

ते शांतपणे म्हणाले, "इतकी वर्षं झाली, मेलाच असणार ना तो. आणि बाईंना इंग्रजी कुठं येतं?"

हे दुसरं वाक्य मला जास्त झोंबलं.

आई शेजारीच भाजी निवडत होती. तिला सगळं सांगितलं. आमचं मराठी बडोद्याचं, त्यात गुजराती कधी शिरते कळतही नाही. ती म्हणाली, "म्हणजे ती बाई पगेरूं काढतेय. पावलांचे ठसे बघत माग काढतात तसं. मेलेल्याचं पगेरूं कुणी काढतं का?"

मग मी थेट त्या लेखिकेलाच कळवलं. तिचं उत्तर दोन ओळींचं होतं: "मी माझ्या मुलाला पुरलेलं नाही. तूही पुरू नकोस."

ते पत्र मी संपादकांना पाठवलं. माझ्या संमतीशिवाय मजकूर बदलायचा नाही, हे करारातलं कलम खाली जोडलं, आणि लिहिलं की बदल ठेवणार असाल तर हे भाषांतर छापता येणार नाही.

तीन आठवडे काहीच नाही. मग एक दिवस नुसतीच फाइल आली, सोबत अक्षरही नाही. आत सगळीकडे ट्रेसेस. मागच्या कव्हरवर मात्र रिमेन्स तसाच होता. मी पुन्हा लिहिलं. तोही गेला.

पुस्तक हातात पडल्यावर लेखिकेनं फोन करून तो इंग्रजी शब्द माझ्याकडून चार-पाच वेळा म्हणवून घेतला आणि स्वतः म्हणून पाहिला.

त्या प्रकाशकाकडून मला पुढं एकही काम आलं नाही. एक मैत्रीण म्हणाली, एखादा गोड मेल टाकून बघ. मी टाकला नाही. टाकणारही नाही.