बाप्तिस्म्याआधी घाट साफ करावा लागला

मंडळी, तीनदा धुतले तरी हातांचा वास जात नाही. रागातच लिहितेय.

आज माझ्या भाचीचा, रूथचा बाप्तिस्मा होता. आमची सगळी मंडळी गाणी गात नीरा नदीच्या घाटावर पोहोचली. बघते तर पाण्यात प्लास्टिकच्या पत्रावळ्या आणि काठावर फाटकी पोती. मागच्या रविवारच्या आमच्याच प्रीतिभोजनाचा कचरा!

"हा इथं कुणी टाकला?" मी विचारलं.

चर्चमधले वडीलधारे शमुवेलतात्या म्हणाले, "त्यात काय एवढं? ही पृथ्वी नाश पावणारच हाय. आपलं घर वर स्वर्गात हाय. चला, बाप्तिस्मा चर्चमागच्या टाकीत उरकू."

रूथच बोलली, "तात्या, देवानं पहिल्या माणसाला बाग राखायला ठेवलं. आपल्याला घाटबी राखता आला न्हाय. मी पाप सोडायला आलेय, मग हे पाप न्हाय व्हय?"

पांढऱ्या साडीतच ती गुडघाभर पाण्यात उतरून पत्रावळ्या गोळा करू लागली. मग आम्ही चौघी उतरलो. शेवटी बाप्तिस्मा द्यायला आलेल्या पाळकसाहेबांनीही पँट दुमडली. तात्या आणि बाकीचे निघून गेले.

दुपारी त्याच घाटावर रूथचा बाप्तिस्मा झाला.

सृष्टी देवाची म्हणून गायचं, तीच नासवायची आणि पुन्हा त्याच्यापुढं गुडघे टेकायचे. हे कसं जमतं हो आपल्याला?