कडुलिंबाचा पाला गोड लागला तेव्हा

माझं माहेर भिंगारचं. वडील कारकून, राहायला सरकारी क्वार्टर, खाली फरशी, मोरीला जाळी. तिथं मी पालीला भीत असे आणि आमची आई ते कौतुकानं चारचौघांत सांगत असे. अशा पोरीला पारनेर तालुक्यातल्या एका वस्तीवर दिलं. मातीच्या भिंतींचं घर, मागं कडब्याची गंज, शेजारी गोठा, आणि जिथं बघावं तिथं साप.

लग्नाला पाच दिवस झाले असतील. सासूबाईंनी, म्हणजे आत्याबाईंनी, कडब्याची पेंढी आणायला पाठवलं. पेंढी ओढली तर तिच्यामागून पुरुषभर लांबीची धामण निघाली. मी किंचाळत गोठ्यात पळाले आणि बैलाच्या गव्हाणीत जाऊन उभी राहिले. नव्या साडीचा पदर बैल चघळत होता, तरी मी खाली उतरेना.

"उतर खाली," आत्याबाई म्हणाल्या. "धामीन हाय ती. आपलीच हाय."

आपलीच! जशी म्हैस आपली, तशी धामणही आपली. पुढं कळलं की विहिरीतली दिवड आपली, उकिरड्यातलं मांडूळ आपलं, आणि भिंतीच्या भेगांत राहून पाली खाणारा पट्ट्यांचा कवड्याही आपलाच. एकालाही विष नाही, असं मला सगळे सांगत. मला ते पटतही असे, साप दिसेपर्यंत. पाण्याला निघाले की मी काठी आपटत, मोठमोठ्यानं गाणी म्हणत चालायची. आत्याबाई म्हणायच्या, "सापाला कान नसत्यात गं. शेजाऱ्यांस्नी हायेत."

खरी भीती होती ती मण्यारीची. ती जहरी. दिसायला थेट कवड्यासारखी, काळपट अंगावर पांढरे पट्टे. फरक मामंजींनी, माझ्या सासऱ्यांनी, मला दहादा शिकवला होता. "कवड्याचं पट्टं मानेपास्नं सुरू व्हत्यात अन् शेपटीकडं इरत्यात. मण्यारीचं उलटं. मानेकडं काय न्हाई, शेपटीकडं ठसठशीत. ध्यानात आलं का?" मी मान डोलवायची. पण पट्टे बघायला डोळे उघडे लागतात, आणि साप दिसला की मी पहिल्यांदा डोळेच मिटत असे. एवढी हुशार!

त्यात दुष्काळ पडला. पावसानं सलग दुसऱ्या वर्षी पाठ फिरवली. बैल छावणीत नेऊन बांधले, आमचे हे रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जाऊ लागले, आणि घरात रेशनवरची तांबडी मिलो ज्वारी आली. तिची भाकरी माझ्या घशाखाली उतरत नसे. आतल्या अंधाऱ्या खोलीत उतरंड होती, तिच्यातल्या तिसऱ्या गाडग्यात गूळ होता. नणंद पहिल्या बाळंतपणाला यायची होती, तिच्या लाडवांसाठी आत्याबाईंनी तो जपून ठेवला होता. आणि त्यांची ही सूनबाई रोज दुपारी तिथं जाऊन खडा मोडत होती. आधी नखाएवढा, मग सुपारीएवढा.

"गुळाला उंदीर लागलाय," आत्याबाई एक दिवस म्हणाल्या. "धामीन निसती लोळतीया, कामाचं नाव न्हाई."

"हो ना आत्याबाई," मी गंभीर चेहऱ्यानं म्हणाले. "दात उमटलेले दिसतात."

त्यानंतर दोन-तीन दिवसांतली गोष्ट. दुपारची वेळ. आत्याबाई अंगणात मिलो निवडत होत्या, मामंजी झाडाखाली चऱ्हाट वळत होते. मी आत गेले, वरची दोन गाडगी उतरवली, खडा तोंडात टाकला आणि गाडगी परत रचताना खालचं कललं म्हणून उतरंडीच्या मागं हात घातला. करंगळीला काहीतरी कचकन डसलं. काळं अंग वळवळलं, पट्टे दिसले, आणि मी नेहमीप्रमाणे डोळे मिटून घेतले.

अंगणात कशी आले ते आठवत नाही. "चावला! पट्ट्याचा चावला!" एवढंच ओरडत होते.

मामंजींच्या हातातलं चऱ्हाट गळून पडलं. "पट्टं मानेपास्नं का शेपटीकडनं?"

"मी नाही बघितलं!"

ते तसेच उठले. काठी आणि कंदील घेऊन आत गेले. आत्याबाईंनी लुगड्याची चिंधी फाडून माझं बोट करकचून बांधलं. करंगळीवर रक्ताचे दोन बारीक थेंब होते. मग त्यांनी दारच्या कडुलिंबाची डहाळी ओरबाडली. आमच्याकडं तेव्हा परीक्षा हीच. आज कुणी पाला पुढं केला तर मी त्याला झोडपीन आणि चावलेल्याला सरळ दवाखान्यात पिटाळीन, पण तेव्हा वस्तीवर दवाखाना कुठला!

"चाव ह्ये," त्या म्हणाल्या. "कडू लागलं तर इख न्हाई. अन् गोड लागलं तर..."

मी पाला चावला. गोड लागला.

खरंच सांगते, त्या क्षणी गालात गुळाचा खडा आहे हे मी साफ विसरले होते. भीतीनं माणसाचं काय होतं बघा! "गोड लागतंय आत्याबाई," मी म्हणाले आणि मटकन खाली बसले.

आत्याबाईंचा चेहरा राखेसारखा झाला. त्यांनी त्याच डहाळीचं एक पान स्वतः चावून बघितलं आणि थुंकलं. "कडूजहर हाय की गं!" मग त्यांनी कपाळावर हात मारला. "बैल छावनीत. येष्टी सकाळच्यालाच गेली. नगरला न्यावं कसं हिला?"

मला एकेक होऊ लागलं. पाय बधिर झाले. डोळ्यांपुढं अंधारी आली. जीभ जड झाली, तोंडात नीट फिरेना. वीस वर्षांचीही नाही मी, आणि आता मरणार, आईला निरोपही पोचणार नाही. जीभ जड का झाली म्हणून ती कशीबशी हलवली, तर ती खड्याला लागली.

आता गंमत बघा. म्हणजे आज गंमत, तेव्हा जीव जात होता. पाला गोड लागला तो गुळामुळं की विषामुळं? चूळ भरून पुन्हा चावल्याशिवाय कळायचं नाही. आणि चूळ भरायची तर गूळ थुंकावा लागणार, तोही आत्याबाईंच्या समोर. माझं निम्मं अंग मरणाला भीत होतं, निम्मं आत्याबाईंना. लाज वाटते सांगायला, पण दुसरं निम्मं थोडं जास्तच होतं.

शेवटी रडत रडत म्हणाले, "आत्याबाई, माझ्या तोंडात गूळ आहे."

त्या बघतच राहिल्या. "कुठला?" जसा काही घरात दहा ठिकाणी गूळ होता.

"तिसऱ्या गाडग्यातला."

"रोज तूच?"

"रोज मीच."

मातीत खेळणाऱ्या पोराच्या तोंडातून खडा काढावा तसा त्यांनी बोट घालून तो गूळ बाहेर काढला आणि मुठीत धरला. तांब्या पुढं केला. "भर चूळ. आनिक भर." तीन चुळा झाल्या. मग ताजं पान माझ्या तोंडात कोंबलं आणि माझ्या ओठांकडं बघत बसल्या. मी दात दाबले. पहिल्यांदा काहीच लागेना. आणि मग जिभेच्या मुळापर्यंत तो कडूपणा उतरला.

"कडू!"

"नीट चाव. कडू?"

"कडू आत्याबाई, कडू!" मी शेळीसारखी पाला ओरबाडून खाऊ लागले.

तेवढ्यात मामंजी काठीवर साप घेऊन बाहेर आले. "बघा, मानेपास्नं पट्टं. शेपटी कोरी. कवड्या हाय." मग माझ्याकडं बघून थबकले. "पर ही गोड म्हनत हुती न्हवं?"

आत्याबाईंची मूठ तशीच मिटलेली. "भ्यालंय ते पोरगं," त्या म्हणाल्या. "मीठ दिलं तरी गोड म्हनंल."

मामंजी साप सोडायला काटेरी कुपाटीकडं गेले. पण आम्हा दोघींना ना त्यांचा शब्द पुरला, ना एका पानाची साक्ष. दिवस मावळेपर्यंत आम्ही ओट्यावर बसलो. थोड्या थोड्या वेळानं आत्याबाई एक पान पुढं करायच्या. "कडू?" "कडू." माझ्या डोळ्यांवर झापड आली की चिमटा काढायच्या. त्यांचा हात माझ्या पाठीवर होता. गुळाचं अवाक्षर त्यांनी काढलं नाही. मला तर वाटत होतं, त्यांनी ओरडावं, म्हणजे मी मरत नाही अशी खात्री होईल.

तिन्हीसांजेला हे खडीवरून आले, भुवयांवर पांढरी धूळ घेऊन. "काय झालं?"

"बस हितं," आत्याबाई उठत म्हणाल्या. "तिला एकेक पान देत ऱ्हा, अन् कसं लागतंय ते इचारीत जा." आणि चुलीकडं गेल्या.

ह्यांना कशाचा काही पत्ता नाही. बिचाऱ्यांनी आज्ञेप्रमाणे एक पान तोडून दिलं आणि विचारलं, "कसं लागतंय?"

"कडू," मी म्हणाले. "अजून एक द्या."